वाचनालयाची हलकी सिस्टीम

टेम्पोतून संगणक उतरवताना हमालाने विचारलं, "साहब, भंगारवाला तो पीछे रह गया. इधर किधर उतारना है?"

पाम गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीस कमलाकांत चुरी यांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत खरेदी विभागात होते. कंपनीने जुने संगणक काढायचं ठरवलं तेव्हा "आमच्या गावच्या मुलांना द्या, साहेब" असं सुचवणारे तेच, आणि नंतर साहेबांना वाचनालयात बोलावून शाल घालणारेही तेच. प्रत्येक संगणकावर 'सप्रेम भेट' असा कोरा करकरीत स्टिकर होता. त्या स्टिकरमुळे बाकीचा संगणक जास्तच जुना दिसत होता.

संगणक चालू होत नव्हते असं मात्र कोणी म्हणू नये. चालू होत होते. बटण दाबलं की आतून शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज यायचा, पंखा धापा टाकायला लागायचा आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागायचं. ते फिरतच राहायचं. कमलाकांत बटण दाबून घरी जात, जेवत, थोडं लवंडत आणि परत येत, तेव्हाही चक्र तितक्याच निष्ठेने फिरत असे. बारावीच्या मुली कॉलेजच्या प्रवेशाचं बघायला आल्या होत्या. त्यातली तेजल थोडा वेळ चक्राकडे बघत बसली आणि म्हणाली, "काका, आमी बोईसरला जाऊन सायबर कॅफेत बघून येतो. तवर होईल ना हा?"

त्या बोईसरला जाऊन आल्या. तोवर झालं नव्हतं.

घरी सुगंधाबाईंनी विचारलं, "अहो, मग परत का देत नाही कंपनीला?"

"शाल घातली आहे," कमलाकांत म्हणाले.

शाल घातल्यावर परतीचे दोर कापले जातात, हे सुगंधाबाईंना कळणं शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "शाल मागा परत."

बोईसर स्टेशनजवळ विनोदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एक संगणक उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतो तसा हळू आवाजात बोलला. "काका, मशीन मेली नाय हाय. तिच्या डोक्यावरचं ओझं जास्त झालंय. हलकी सिस्टीम टाका. लिनक्सवाली. फुकट मिळते."

'हलकी' आणि 'फुकट' हे दोन शब्द एका वाक्यात आले की मध्यमवर्गीय माणसाचं भान सुटतं. कमलाकांतांचं सुटलं. त्यांनी त्याच दिवशी पुतण्याला, भाग्येशला, पुण्याला फोन लावला. भाग्येश मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथे तो नक्की काय करतो हे घरात कोणालाही सांगता येत नसे, आणि विचारलं तर त्यालाही सांगता येत नसे.

"काका, कुठलं डिस्ट्रो हवंय? म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार?" भाग्येशने विचारलं.

"हलकं."

"हलकी खूप आहेत. प्रोसेसर बत्तीस बिट आहे की चौसष्ट?"

कमलाकांत म्हणाले, बघून सांगतो. फोन ठेवल्यावर ते संगणकाच्या मागे, खाली आणि बाजूला बघून आले. स्टिकरशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. मग भाग्येशने नावं पाठवली. एकीचं नाव पपी, एकीचं मिंट, एकीचं बोधी, एकीचं लुबुंटू, आणि आणखी कितीतरी. प्रत्येक नावाखाली एक दुवा, आणि प्रत्येक दुव्याच्या खाली जगभरातली माणसं एकमेकांशी भांडत होती की हीच खरी हलकी, बाकीच्या जड. कमलाकांतांना मुलगी बघायचे दिवस आठवले. तेव्हाही असंच, सगळ्या चांगल्याच होत्या, आणि सांगणारा प्रत्येकजण दुसरीबद्दल काहीतरी हळूच सांगून जायचा.

प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं. अध्यक्ष पुंजाराम अहिरे मूळचे धुळ्याकडचे, अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सुरक्षा विभागात गेल्यामुळे कुठल्याही वस्तूकडे ती फुटली तर काय, अशा नजरेने बघायची त्यांना सवय होती.

"पपी म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याचं पिल्लू."

"चुरी, सरकारमान्य वाचनालय आहे आपलं. इतिवृत्तात काय लिहायचं, सर्वानुमते पिल्लू पाळण्यात आलं?"

एक सदस्य मिंटच्या बाजूने होते, कारण पुदिना पोटाला चांगला. दुसऱ्यांना बोधी हे नाव भावलं. तिसरे म्हणाले, नाव काहीही असो, मराठी येतं का ते बघा. सभा लांबली, भजी संपली, आणि शेवटी असा ठराव झाला की प्रत्येक संगणकावर वेगळी सिस्टीम टाकून पाहावी आणि मग ठरवावं. लोकशाहीत याहून वाईट निर्णय होऊ शकला नसता, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. वाचनालयाची खोली पंचायतीची, वीज पंचायतीची, त्यामुळे तिथे कुठलं सॉफ्टवेअर बसतंय याची नोंद पंचायतीला हवी होती. ग्रामसेवक सभ्य माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पावती मागितली.

"फुकट आहे ते," कमलाकांत म्हणाले.

"असू द्या ना. मग फुकट असल्याची पावती आणा."

"फुकटाची पावती कोण देणार?"

"ज्याने फुकट दिलं तो. सर, उद्या ऑडिटवाला मला विचारेल, की परदेशातला माणूस पामच्या वाचनालयाला फुकट का देतोय? मी काय सांगू?"

खरं म्हणजे तो प्रश्न कमलाकांतांनाही पडला होता. त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीत एक नम्र पत्र लिहिलं आणि एका सिस्टीमच्या निर्मात्यांना ईमेलने पाठवलं: आपण आम्हाला काहीही किंमत न घेता माल दिला असल्याचं कृपया शिक्क्यासह कळवावं. उत्तर आलं. कोण्या परदेशी माणसाने अतिशय प्रेमाने लिहिलं होतं की पावती देण्याची आमच्यात पद्धत नाही, पण आमचं काम आवडलं असेल तर आम्हाला एक कप कॉफी पाजा. खाली पैसे पाठवायचा दुवा होता.

ग्रामसेवकाने ते दोनदा वाचलं. "सर," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे चहापाणी मागतायत."

शेवटी कमलाकांतांनी स्वतःच्या सहीने हमीपत्र दिलं की या सॉफ्टवेअरमुळे काही बरंवाईट झाल्यास सर्वस्वी जबाबदारी त्यांची राहील. सही करताना त्यांना थोडा अभिमानच वाटला. इतक्या वर्षांत कंपनीने त्यांना कधी कसलीच सर्वस्वी जबाबदारी दिली नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. विनोदने पेनड्राइव्ह भरून दिले आणि सांगितलं, "मशीन चालू झाली की लगेच एफ बारा दाबा. लगेच म्हणजे लगेच, काका." कमलाकांत बटण दाबत आणि एफ बारावर तुटून पडत. कधी उशीर होई, कधी घाई होई, आणि पुन्हा ते चक्र. एका संगणकाला एफ बारा पसंत नव्हतं, त्याला डिलीट लागे. आणखी एकाचा कळफलकच असा होता की एफ बाराची कळ कंपनीतल्या कोणीतरी कधीतरी उपटून नेलेली. तिथे कमलाकांतांनी टूथपिकने काम भागवलं.

आठवड्याभराने वाचनालयात निरनिराळ्या सिस्टीमांचे संगणक शेजारी शेजारी बसले आणि एकाचं एकाशी पटेना. एकावर घड्याळ दुसऱ्याच देशाचं होतं. एकावर मराठी दिसायचं, पण वेलांट्या अक्षरापासून सुटून भलतीकडे जाऊन बसायच्या. एकावर कमलाकांतांनी भाषा निवडताना एक ओळ चुकून खाली टिचकी मारल्यामुळे सगळा कारभार मल्याळममध्ये सुरू झाला, आणि मूळ भाषेत परत यायचा रस्ताही मल्याळममध्येच लिहिलेला होता. कंपनीतल्या केरळच्या एका फिटरला रविवारी बोलावून, जेवू घालून तो सोडवावा लागला. गावातली माणसं येता जाता डोकावू लागली. पुस्तकं बदलायला वर्षानुवर्षं न फिरकलेले सभासद सल्ला द्यायला रोज हजर. कोणी म्हणालं, रॅम वाढवा. कोणी म्हणालं, खाली लाकडी पाट ठेवा, समुद्राचा खारा वारा खालून लागतो. एक निवृत्त मुख्याध्यापक नुसतेच उभे राहायचे आणि जाताना "चालू द्या" म्हणायचे. ते कमलाकांतांना सगळ्यात जास्त लागायचं.

तरी त्यांनी जिद्द सोडली नाही. अखेर सगळ्या सिस्टीमांना कंटाळून त्यांनी भाग्येशच्या यादीत अगदी तळाशी असलेली एक टाकून बघितली. तिचं नाव उच्चारताना जीभ अडखळे, म्हणून सगळे तिला 'हलकी'च म्हणू लागले. आणि हलकी चालली. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि शिंक येऊन जावी इतक्या वेळात निळा पडदा, स्वच्छ मराठी, वेलांट्या जागच्या जागी. कमलाकांत खुर्चीत बसून राहिले. त्यांनी संगणक बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. घरी जाऊन ते सुगंधाबाईंना म्हणाले, "झालं."

"काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

मग हलकी सगळीकडे बसवायचं ठरलं. कमलाकांतांचा हात आता बसला होता. पेनड्राइव्ह लावायचा, कळ दाबायची, पुढे, पुढे, मध्ये एकदा सिस्टीम विचारते की संपूर्ण डिस्क पुसायची का, तिथे हो म्हणायचं, पुढे. उद्घाटनाचा दिवस ठरला. कंपनीचे साहेब पुन्हा येणार होते, शालही तयार होती. आदल्या संध्याकाळी अहिरे पाहणीला आले, हात मागे बांधून रांगेवरून फिरले आणि टोकाला थांबले.

"चुरी, हा एक वेगळा का दिसतो?"

तो वाचनालयाचा स्वतःचा, भेटीच्या आधीपासूनचा संगणक होता. त्याच्यावर ग्रंथपाल वत्सलाताई राऊत काम करत. त्या सध्या मुलीकडे नाशिकला गेल्या होत्या.

"तो चालतो साहेब. थोडा सावकाश चालतो, एवढंच."

"उद्घाटनाला रांगेत एक सावकाश? बरं दिसत नाही ते."

कमलाकांतांनी तो सावकाश चालणारा संगणक बघितला. त्यांच्या मनात आलं, ताई परत येतील, बटण दाबतील आणि चकित होतील. त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पुढे, पुढे, हो, पुढे.

उद्घाटन उत्तम झालं. साहेबांनी बटण दाबलं, पडदा उजळला, टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी अहिरे सहज म्हणाले, "वत्सलाबाईंची ती लग्नाची गाणी आता नव्या मशीनवर छान दिसतील."

कमलाकांतांचा कप ओठापर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला.

वत्सलाताई शाळेतून निवृत्त झाल्यापासून म्हाताऱ्या बायांकडून जुनी लग्नातली गाणी उतरवून घेत होत्या. हळदीची, मांडवाची, विहिणींना चिडवायची. पाममधली आणि आसपासच्या गावांतली, मुरब्याची, एडवणची. बायांच्या अंगणात बसून ऐकायचं, कागदावर घ्यायचं, परत येऊन एका बोटाने टंकायचं आणि कागद टाकून द्यायचे. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कमलाकांतांनाही होतं. फक्त ती गाणी कुठे राहतात याचा विचार त्यांनी केला नव्हता. कपाटात पुस्तकं राहतात तशी ती कुठेतरी राहत असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्यांनी भाग्येशला फोन केला.

"बॅकअप असेलच ना, काका," भाग्येश म्हणाला. मग आपणच म्हणाला, "नसेल तर मशीन बंद करा आणि डिस्क काढून दुकानात दाखवा." कमलाकांतांना त्याचा राग आला नाही. जास्त न विचारण्याइतकी समज त्याला आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

विनोदने डिस्क काढून नेली आणि त्याच्याकडची सगळी हत्यारं तिच्यावर चालवली. हाती आले ते अध्यक्ष नारळ फोडतानाचे कसल्याशा जुन्या कार्यक्रमाचे फोटो, सभासदांच्या वाढदिवसांचा एक तक्ता, आणि एका गाण्याचा तुकडा. 'हळद लागली गो' एवढंच. पुढे नुसत्या चौकटी. "काका, वरून नवीन लिहिलं गेलंय," विनोद म्हणाला. "खालचं गेलं."

कमलाकांतांची भूक गेली. कंपनीत त्यांनी पिवळ्या रंगद्रव्याच्या जागी हिरवं मागवलं. हमीपत्रावरची आपली सही त्यांना सारखी दिसू लागली. ग्रामसेवकाने इतक्या सभ्यपणे घेतलेली ती सही आता अंगावर आली होती. सुगंधाबाई पहिले दोन दिवस बोलल्या, नंतर त्याही थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "येतायत त्या उद्या. तुम्ही स्वतः सांगा. आणि काही घेऊन जाऊ नका हातात. ताडगोळे वगैरे. चिडतील."

वत्सलाताई वाचनालयात आल्या तेव्हा कमलाकांत दाराशीच उभे होते. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं. पण ताई बॅग ठेवून सरळ संगणकापाशी गेल्या. त्यांनी बटण दाबलं. पडदा लगेच उजळला.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "किती पटकन उघडलं."

त्यांनी माउस हलवला. एक फोल्डर उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. सगळं पटापट उघडत होतं आणि सगळं रिकामं होतं. कमलाकांत बोलू लागले, मध्येच अडखळले, ठराव झाल्याचं सांगितलं, रांगेचं सांगितलं, मग ठरावाचा आणि रांगेचा काही संबंध नाही, मीच केलं, असंही सांगितलं. ताईंनी मान वळवली नाही.

"मुरब्याच्या दोघीजणी आता नाहीत," त्या शेवटी म्हणाल्या. "पामची काशीबाय आहे, पण ती माणसं ओळखत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एडवणची मैनाबाई आहे. तुमची स्कूटर चालते का?"

चालत होती. रविवारी ते दोघं निघाले. माहीम-केळव्यावरून एडवण गाठेपर्यंत ताई मागे बसून एक शब्द बोलल्या नाहीत. कमलाकांतांनी एकदा "खड्डा आहे" म्हटलं, एकदा "गतिरोधक आहे" म्हटलं. दोन्ही वेळेला मागून "हं" आलं. ते त्यांना वाक्यापेक्षा जड वाटलं.

मैनाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. गाणी गेली हे कळल्यावर त्या काठीवर बोंबील टाकता टाकता म्हणाल्या, "गेली ती गेली. परत सांगते. मी कुठं मेलीय?"

त्या पाटावर बसल्या आणि गाऊ लागल्या. कमलाकांत मोबाईल पुढे धरून बसले होते, हात अवघडला तरी हलवायची हिंमत नव्हती. पहिलं गाणं संपल्यावर ताई म्हणाल्या, "मैनामावशी, मागच्या वेळी दुसरी ओळ वेगळी होती. त्यात समईचं होतं."

"असंल. मागच्या वेळचं कोणाला आठवतं? आज ही आली."

"पण ती छान होती."

"ही पण छान हाय. तू लिव."

ताईंनी लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा असा झाला की कमलाकांतांना तिथून उठून समुद्राकडे चालत जावंसं वाटलं. मैनाबाई मात्र त्यांच्याकडेच बघत होत्या. "हाच का तो? पुसणारा?"

"हेच ते, कमलाकांत चुरी," ताई म्हणाल्या.

"मांडवातलं चिडवायचं एक हाय. त्यात मामाचं नाव घालतात, व्याह्याचं घालतात. आज याचं घालू." आणि कोणाची परवानगी न घेता त्यांनी टाळी धरली.

"कमळामामानं गो मांडव झाडला,
कचऱ्यासंगं त्यानं गो नवरा काढला.
मांडव झाला चकचक गो, दिसतोय लांबून,
मामा उभा दारी गो, तोंड आपलं झाकून."

शेजारच्या दोघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी शेवटची ओळ उचलून धरली. मैनाबाईंनी पुन्हा म्हटली, त्यांनी पुन्हा धरली. कमलाकांतांना मोबाईल हातात असल्यामुळे तोंड झाकता येत नव्हतं. वत्सलाताई खाली मान घालून भराभर लिहीत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. त्या रडतायत की हसतायत हे बघायचं धाडस कमलाकांतांना झालं नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. केळव्याच्या पुढे आल्यावर मागून ताईंचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. पाठ करून ठेवत असाव्यात. कमळामामानं गो मांडव झाडला. कमलाकांतांनी स्कूटरचा वेग थोडा वाढवला, की वाऱ्यात ते ऐकू येऊ नये. मग लक्षात आलं की पुढे खड्डे आहेत, तेव्हा पुन्हा कमी केला.

"मांडव झाला..." ताई अडखळल्या. "मांडव झाला लखलख? नाही, असं नव्हतं. काय होतं?"

कमलाकांतांनी एक खड्डा चुकवला.

"चकचक," ते म्हणाले.